पुरवणी तक्ता चार

पेपर छापून आला.
एकशे सदुसष्ट लेखक, त्यात ताम्हनकर मॅडम त्र्याऐंशीव्या,
तरी लॅबमध्ये पेढे वाटले त्यांनी,
आणि डबा सेंट्रिफ्यूजवर ठेवला म्हणून ओरडल्याही.
माझं नाव आभारांत,
‘सर्व सहभागी कुटुंबां’च्या एक ओळ वर.

सहा वर्षं मी स्कूटीवर पायाशी बर्फाची पेटी ठेवून हिंडले,
येरवडा, दापोडी, बोपोडी, कात्रजच्या मागची नवी वस्ती.
जांभळ्या झाकणाच्या दोन नळ्या रक्त
आणि एक कागद, ज्यावर घराणं काढायचं.
पुरुष चौकोन, बाई गोल.
आजारी असेल तर आतून काळं.
वारलं असेल तर तिरकी रेघ.
पेन्सिलच वापर, मॅडम म्हणायच्या,
पहिल्या भेटीत कुणी खरं सांगत नाही.

बोपोडीच्या खराडेबाई पहिल्या भेटीत म्हणाल्या,
आमच्यात कुणाला नाही, हा विश्रामच एकटा.
दुसऱ्या भेटीत चहा दिला.
तिसऱ्या भेटीत दाराला कडी घातली,
धाकटीला स्थळं बघणं चालू होतं, म्हणून आवाज खाली:
‘माझे मामा काशीला गेले म्हणतात ना,
ते काशीला नव्हते गेले.’
मी चौकोन काळा केला.
आतल्या खोलीत विश्राम रेडिओशी भांडत होता.
रेडिओ बंद होता.
निघताना त्यांनी विचारलं,
‘माझ्याकडून आलं, का ह्यांच्याकडून?
सासूबाई मरेपर्यंत म्हणायच्या, खाण तशी माती.’
म्हटलं, पेपर आला की सांगते.

आता आलाय.
आमचं रक्त आणखी अकरा देशांच्या रक्तात ओतून
एवढं हाती लागलं:
पुष्कळ जागा, पोथीतल्या एकेका अक्षराएवढ्या,
एकेकीचं वजन एक पूर्णांक शून्य चार, शून्य सहा.
म्हणजे एकटी कुणीच काही करत नाही.

निरोगी गटात मीही आहे.
दुसऱ्या वर्षी आकडा कमी पडत होता,
स्टाफनं बाह्या वर केल्या.
प्रश्न नववा: रक्ताच्या नात्यात कुणाला मानसिक आजार?
माझी आत्या बारा वर्षं मागच्या खोलीत होती.
पाहुणे आले की बाबा टीव्हीचा आवाज वाढवायचे.
‘नाही’वर खूण केली मी, पेननं.
एवढ्या आकड्यांत एक खोटं विरघळून जातं,
उत्तर बदलत नाही.
हे मला मॅडमनीच शिकवलंय, दुसऱ्या संदर्भात.

रविवारी बोपोडीला गेले, आकृतीची रंगीत प्रत घेऊन.
खराडेबाईंनी चष्मा लावला.
‘मोहरी सांडल्यासारखं दिसतंय,’ म्हणाल्या.
मग बराच वेळ काही नाही.
‘सुरुवातीला तीन अमावास्या मीठमोहऱ्या उतरवल्या होत्या मी ह्याच्यावरून.’
मी सांगितलं जमेल तसं:
दोघांकडून.
ज्यांना कधी काही झालं नाही, त्यांच्याकडूनही.
चिमूट चिमूट.
आणि बाकीचं कुठून, ते अजून कळलेलं नाही.
‘म्हणजे माती सगळ्यांचीच,’ त्या म्हणाल्या,
‘सासूबाई हव्या होत्या आज.’

धाकटीचं लग्न झालंय, तळेगावला दिली.
तिकडे ह्यातलं काही सांगितलेलं नाही,
तेवढं तुम्हीही, असं म्हणून त्यांनी कागद दुमडायला घेतला,
तेवढ्यात विश्राम बाहेर आला.
आता जाड झालाय, गोळ्यांनी.
त्यानं कागद सरळ केला, शांतपणे,
आणि वरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं:
‘हा मी.’
ठिपका म्हणजे माणूस नव्हे, जागा असते,
हे सांगायला मी तोंड उघडलं होतं.
त्यानं बोट तसंच ठेवून विचारलं,
‘तुम्ही कुठला?’

मी पर्समध्ये पेन्सिल शोधत राहिले.